स्थिर पाने आणि एक्सएमएल : वेब सर्व्हरमधील कामाची वाटणी

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. अभ्यासक्रमाची पीडीएफ सर्वांना एकच असते. निकाल मात्र प्रत्येकासाठी वेगळा तयार करावा लागतो. पहिल्या प्रकाराला आपण स्थिर आणि दुसऱ्याला गतिमान आशय म्हणू. एकाच सर्व्हरने ही दोन्ही कामे कशी सांभाळायची, हा प्रश्न वेबइतकाच जुना आहे.

1991 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतून वेब खुले केले, तेव्हा बहुतेक पाने म्हणजे डिस्कवरच्या साध्या फाइली होत्या. पण संस्थेच्या दूरध्वनी यादीत शोध घेणे हाही वेबचा एक आरंभीचा उपयोग होता, आणि त्याचे उत्तर मागणीनुसार तयार होई. 1993 मध्ये अमेरिकेतील एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर सीजीआय ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक विनंतीसाठी एक नवा प्रोग्राम सुरू होई. फाइल उचलून पाठवण्याच्या तुलनेत हे काम फार महाग होते.

फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएल 1.0 हे मानक प्रसिद्ध झाले. मजकूर एक्सएमएलमध्ये ठेवायचा आणि त्याचे रूप एक्सएसएलटीच्या नियमांनी ठरवायचे, असा विचार पुढे आला. स्टेफानो माझोक्की यांनी सुरू केलेला अपाची कोकून हा प्रकल्प याच विचारावर उभा राहिला. त्याची पहिली आवृत्ती संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष स्मृतीत उभा करी. दस्तऐवज मोठा असला की स्मृतीवर ताण येई. दुसऱ्या आवृत्तीत दस्तऐवज तुकड्यातुकड्याने पुढे सरकू लागला.

या आवृत्तीतील ‘साइटमॅप’ आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. कोणत्या पत्त्याची विनंती कोणत्या मार्गाने जाईल, हे त्यात एकाच ठिकाणी लिहिलेले असे. चित्रे आणि शैलीपत्रके ‘रीडर’ जशीच्या तशी पाठवी. उरलेल्या विनंत्या तीन टप्प्यांतून जात: जनरेटर एक्सएमएल निर्माण करी, ट्रान्सफॉर्मर त्याचे रूपांतर करी आणि सीरियलायझर एचटीएमएल बाहेर काढी. अनेक ठिकाणी याहून सोपी वाटणी केली जाई: पुढे अपाची सर्व्हर स्थिर फाइली देई आणि बाकीच्या विनंत्या मागच्या टॉमकॅटकडे सोपवी.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. कोकून एक्सएमएलपासून सगळी पाने आधीच तयार करून साध्या फाइलींच्या रूपात साठवूही शकत असे. अपाची फॉरेस्ट या प्रकल्पाने ही सोय वापरली. म्हणजे मूळ मजकूर एक्सएमएलमध्ये असला तरी वाचकाला मिळणारे पान स्थिर असू शकते. खरा फरक पान कधी तयार होते यात आहे: वाचकाने मागण्याआधी, की मागितल्यावर?

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे परत या. निकाल एकदा जाहीर झाला की सहसा तासातासाला बदलत नाही. मग तो प्रत्येक विनंतीला नव्याने तयार करण्याची गरज आहे का? वरील इतिहासाच्या आधारे तुमचे उत्तर लिहा.