बंगळूरची छावणी आणि बालवीरांचे तंबू

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडला जातो. किती गणेशोत्सव साजरे झाले, किती नाटके रंगली, किती व्याख्याते आपल्या व्यासपीठावर येऊन गेले, याची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. आम्ही येथे वेगळा विषय घेत आहोत. ज्या नगरीत आपण आपले बिऱ्हाड थाटले, मुलाबाळांना वाढविले, त्या बंगळूर नगरीच्या इतिहासातील एका लहानशा पानाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे. ते पान बालवीर चळवळीचे आहे. आणि या चळवळीचा भारतातील पहिला अंकुर याच नगरीत, आपल्या शिवाजीनगरापासून हाकेच्या अंतरावर फुटला, हे आपल्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

मराठीत ‘छावणी’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. लष्कराचा कायमचा तळ ती छावणी. आणि चार तंबू ठोकून दोन रात्री काढल्या तरी तीही छावणीच. शिवाजीनगरच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. सन १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजी पुढे दोनएक वर्षांनी येथे पित्याजवळ काही काळ राहिले, असे इतिहासकार मानतात. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आढळते. तो दरबार जुन्या पेठेच्या बाजूचा. आजचे शिवाजीनगर मात्र त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसविलेल्या लष्करी छावणीचा भाग होय. तेव्हा या वस्तीस ब्लॅकपल्ली म्हणत. छावणीला लागणारे शिंपी, खाटीक, भाजीवाले, गाडीवान, कारकून यांची ही वस्ती. तमिळ, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येत. १९४९ मध्ये छावणी व जुने शहर एकाच नगरपालिकेखाली आले. शिवरायांचे नाव या वस्तीस मिळाले ते नंतरचे. पण त्यामुळे येथे राहणाऱ्या मराठी माणसाला हा परिसर थोडासा आपलासा वाटतो, हे नाकारता येणार नाही.

आता बालवीर चळवळीकडे वळू. ‘स्काउट’ या शब्दाचा मूळ अर्थ टेहळ्या. सैन्याच्या पुढे जाऊन वाट, पाणी व शत्रू यांची खबर आणणारा. बहिर्जी नाईकांचे नाव ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला हे काम समजावून सांगावे लागत नाही. या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल (जन्म २२ फेब्रुवारी १८५७) हे इंग्रज सैनिकी अधिकारी. त्यांच्या नोकरीची सुरुवात १८७६ मध्ये लखनौस झाली, आणि पुढे मीरतेस असताना त्यांनी सैनिकांसाठी टेहळणीचे एक पुस्तक सिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील मॅफकिंगचा वेढा २१७ दिवस चालला. त्या वेढ्यात शाळकरी वयाच्या मुलांनी निरोप पोचविण्याचे काम चोख केले. त्याचा ठसा बेडन-पॉवेल यांच्या मनावर उमटला. त्यांचे सैनिकी पुस्तक इंग्लंडातील मुलेच आवडीने वाचू लागली, तेव्हा युद्ध वगळून ही विद्या मुलांना द्यावी, असा विचार त्यांनी केला.

१९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिणेस ब्राउनसी नामक बेटावर त्यांनी प्रयोगादाखल एक शिबिर भरविले. मुले वीसच्या आसपास. त्यांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले होती, तशीच कामकऱ्यांचीही होती. लांडगे, डोमकावळे, बैल व कुरव अशा चार संघांत त्यांची वाटणी केली. प्रत्येक संघाला मुलांपैकीच एक नायक. सकाळी कुडू हरणाच्या शिंगाचा आवाज झाला की सर्वांनी उठावयाचे, आणि दिवसभर खेळातून शिकावयाचे. श्रीमंत-गरीब एका तंबूत झोपले, ही त्या काळच्या इंग्लंडात लहान गोष्ट नव्हती. १९०८ मध्ये यावर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेस येथे मेळावा भरला, त्यात मुलीही न बोलावता आल्या आणि ‘आम्हीही स्काउट’ म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी पुढील वर्षी गाइड संघटना निघाली. तिलाच आपण मराठीत वीरबालांची चळवळ म्हणतो.

याच १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरास भारतातील पहिले स्काउट पथक उभे केले व लंडनच्या मुख्यालयात त्याची नोंद केली. सेंट मार्क्स रस्त्यावरील बिशप कॉटन मुलांच्या शाळेशी या पथकाचे नाव जोडले जाते. पुढील दोन वर्षांत खडकी, सिमला, मद्रास, जबलपूर आणि लोणावळा येथे पथके निघाली. ही गावे पाहिली की चळवळीची वाट कळते. खडकी म्हणजे लष्कर, लोणावळा म्हणजे आगगाडी, सिमला म्हणजे सरकार. जेथे गोरे अधिकारी व त्यांची कुटुंबे, तेथे पथक. कारण आरंभी या पथकांत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. ब्लॅकपल्लीतील शिंप्याचा मुलगा मैदानाच्या कडेला उभा राहून कवायत पाहू शकत होता, रांगेत उभा राहू शकत नव्हता. ब्राउनसीच्या बेटावर ज्या चळवळीने वर्गाची भिंत पाडली, तिनेच बंगळूरच्या छावणीत वर्णाची भिंत उभी राहू दिली, ही इतिहासाची विसंगती होय.

ही भिंत पाडण्यास कोणाची याचना कामास आली नाही. आपल्या लोकांनी आपली पथके काढली. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शहाजहानपुरास पथक सुरू केले. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने १९१६ मध्ये मद्रास येथे भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना स्थापिली. तेथील मुले फेटे बांधीत व देशी गीते गात. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या आश्रयाने सेवा समितीचे बालवीर उभे राहिले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले असता बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली व भारतीय मुलांसाठी दार अधिकृतपणे उघडले. तथापि १९३७ च्या भारतभेटीनंतर त्यांनी येथील लोकांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले. त्यातून मने पुन्हा दुभंगली आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन ही वेगळी संघटना निघाली.

आपल्या मराठी मुलखात व सीमाभागातही याच काळात शिबिरांची हवा निर्माण झाली होती. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवादल स्थापून हुबळीस त्याचे केंद्र केले. पुढल्याच वर्षी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बेळगाव काँग्रेसमध्ये सेवादलाच्या स्वयंसेवकांची शिस्त लोकांच्या नजरेत भरली. १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. या संस्था स्काउटांच्या नव्हेत, त्यांची ध्येये निराळी. पण तंबू, शिट्टी, श्रमदान आणि शेकोटी यांतून माणूस घडतो, ही श्रद्धा मात्र समान होती.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी आणि नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या प्रयत्नांनी दोन्ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालाही तीत आल्या. बंगळूरच्या पहिल्या पथकापासून या एकीकरणापर्यंत एक्केचाळीस वर्षे लागली. हैदराबादेस १९५३ मध्ये नव्या संस्थेचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला, आणि आपल्या जवळच्या म्हैसुरास २०१६ च्या अखेरीस सतरावा. पुण्यास १९६६ पासून ‘संगम’ हे वीरबालांचे जागतिक केंद्र आहे. आणि आपल्या बंगळूरच्या उत्तरेस दोड्डबळ्ळापूरजवळ स्काउट-गाइडांचे जे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यास नाव आहे ॲनी बेझंट यांचे. ज्यांच्यासाठी दार बंद होते त्यांच्या कैवारी बाईंच्या नावाने आज त्याच राज्यातील मुलांचे तंबू उभे राहतात, याहून समर्पक स्मारक कोणते?

इतिहास झाला, पण या चळवळीचा प्राण इतिहासात नसून तिच्या स्पर्धा-शिबिरात आहे. शुक्रवारी सायंकाळी मुले मैदानावर उतरतात आणि रविवारी दुपारी घरी परततात. सहा ते आठ मुलांचा एक संघ, अशा संघांचे मिळून पथक. आल्याबरोबर पहिली परीक्षा तंबूची. जागा किंचित उंचवट्याची हवी, मेखा तिरप्या ठोकलेल्या हव्यात, तणावे सारख्या ताणाचे हवेत, पाऊस आलाच तर पाणी वाहून जाण्यास भोवती चर हवा. नंतर काठ्या व दोरी एवढ्याच सामग्रीतून भांडी ठेवण्याची मांडणी, हात धुण्याची तिवई, चपलांचा घोडा अशा वस्तू उभ्या करावयाच्या. एकही खिळा वापरावयाचा नाही. जे काही टिकेल ते गाठीच्या बळावर.

शनिवारी सकाळी परीक्षक तपासणीस येतात. अंथरुणांच्या घड्या, नखे, भांड्यांचे बूड, चुलीभोवतालची जमीन, सारे पाहिले जाते. मग प्रथमोपचार. गळ्यातला स्कार्फ सोडला की त्याची त्रिकोणी पट्टी होते. दोन काठ्या व दोन सदरे मिळून जखमीला वाहून नेण्याची डोली होते. काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढणे, होकायंत्रावर वाट शोधणे, भांड्याविना स्वयंपाक करणे, म्हणजे काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर भाजणे व राखेत बटाटे पुरणे, हेही ओघाने येते. एक खेळ तर आपल्याच भूमीवरील कथेतून आला आहे. किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीत सिमल्याच्या एका दुकानात मुलाला रत्नांचे ताट क्षणभर दाखवून झाकतात व काय पाहिले ते विचारतात. त्यावरून बालवीरांचा ‘किमचा खेळ’ निघाला: चोवीस वस्तू एक मिनिट पाहावयाच्या आणि निदान सोळा आठवून लिहावयाच्या. रात्री शेकोटी पेटते. प्रत्येक संघ गाणे वा प्रहसन सादर करतो, आणि हसण्याच्या आवाजात दिवसाचे भांडण विरून जाते.

या स्पर्धेचे मर्म आम्हांस वाटते ते असे, की गुण मुलाला मिळत नाहीत, संघाला मिळतात. सर्वांत चपळ मुलाने आपला तंबू चटकन बांधला आणि सर्वांत लहान मुलाची गाठ सुटली, तर संघ मागे पडतो. म्हणून चपळ मुलगा आपोआप लहानग्याजवळ बसतो व तीच गाठ दहा वेळा दाखवितो. शाळेतील परीक्षेत शेजाऱ्याचे अपयश आपल्या लाभाचे असते; छावणीत ते आपलेच अपयश असते. गुणपत्रिकेच्या धास्तीत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा धडा दुसरीकडे कोठे मिळणार?

परप्रांतात मूल वाढविणाऱ्या मराठी आईबापांची चिंता आम्ही जाणतो. मूल घरी मराठी बोलते, अंगणात कन्नड किंवा तमिळ, शाळेत इंग्रजी. आणि एके दिवशी आजीच्या पत्राचे उत्तर त्याच्याने लिहवत नाही. या चिंतेतूनच आपली मंडळे जन्मास आली. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही एक सूचना करतो. मंडळाने मुलांसाठी एक पथक काढावे. शाळेबाहेरची खुली पथके संस्थेच्या नियमांत बसतात. वर्षातून एकदा तरी ते स्पर्धा-शिबिरास न्यावे. शेकोटीभोवती पोवाडा म्हटला जावा, ‘खरी कमाई’च्या दिवशी मुलांनी शेजाऱ्यांकडे कामे करून चार पैसे आणावेत, आणि घामाच्या पैशाची किंमत लहानपणीच कळावी.

यावर कोणी म्हणेल, पथक मराठी मुलांपुरतेच ठेवावे, म्हणजे भाषा टिकेल. आम्हांस हे मान्य नाही. ज्या छावणीत १९०९ साली आपल्यासारख्यांच्या मुलांना रांगेबाहेर ठेवले गेले, त्याच छावणीत शंभरावर वर्षांनी आपण दुसऱ्यांच्या मुलांना रांगेबाहेर ठेवावे काय? शिवाजीनगरच्या बसस्थानकावर, रसेल मार्केटच्या गल्ल्यांत, बॅसिलिकाच्या यात्रेत ज्या सर्व भाषा आपण रोज ऐकतो, त्या सर्व भाषांची मुले आपल्या पथकात असावीत. भाषा कुंपणाने टिकत नाही. ती बोलण्याजोगे काही घडले म्हणजे टिकते. शेजारच्या मित्राला आपला पोवाडा समजावून सांगताना मराठी मुलाला आपली भाषा अधिक नीट शिकावी लागेल, आणि मित्राचे कन्नड गीतही त्याच्या ओठी बसेल. बालवीराच्या प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याचीही मुभा आपल्या संस्थेने ठेवली आहे. इतकी मोकळीक जेथे आहे तेथे संकोचाचे कारण नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या संस्थापकांनी परक्या नगरीत मराठी माणसासाठी एक छप्पर उभे केले. पुढील पन्नास वर्षांच्या पिढीसाठी आपण एक तंबू उभा करू या. त्याच्या मेखा पक्क्या ठोकू. आणि त्याचे दार मात्र उघडे ठेवू.