फुगणारी गोळी

आषाढ लागला की आपल्या रत्नागिरीत घरोघरची दारे फुगतात आणि चौकटीत अडकून बसतात. सुतार येतो, अंदाजाने रंधा मारून जातो. श्रोतेहो, फुगण्याचा हाच प्रश्न औषधाच्या गोळीत उभा राहिला, तेव्हा मात्र अंदाज पुरेना. गणित मांडावे लागले. त्या गणिताची ही हकिगत.

प्रारंभ १८५५ सालचा. अडॉल्फ फिक हा शिक्षणाने वैद्य. पाण्यात मीठ कसे पसरते हे पाहताना त्याने ताडले की, उष्णता जशी गरम भागाकडून थंड भागाकडे जाते, तसाच पदार्थ दाट भागाकडून विरळ भागाकडे जातो. दाटपणाचा उतार जितका तीव्र, तितका वेग अधिक. या पसरण्याला आपण विसरण म्हणतो. फूरियेने १८२२ साली उष्णतेचे जे गणित मांडले होते, तेच फिकने इकडे लावले.

पुढे १९६१ साली अमेरिकेत ताकेरू हिगुची यांनी विसरणाचे हे गणित मलमातल्या औषधाला लावले. बाहेर पडणारे औषध वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, असे उत्तर आले. म्हणजे काय? पहिल्या तासात जेवढे बाहेर आले, त्याच्या दुप्पट व्हायला दोन नव्हे, चार तास लागतात. आरंभी घाई, मागाहून आळस! रोग्याला तर सारखा पुरवठा हवा.

इथे फुगणारी बहुवारिके कामास आली. सब्जाचे बी पाण्यात टाकून बघा. भोवती बुळबुळीत वेष्टन चढते. गोळीचेही तसेच. पाणी आत शिरते, कोरड्या गाभ्याची सीमा आत सरकते आणि वेष्टनातून औषध बाहेर येते. काही बहुवारिकांत ही सीमा सारख्या वेगाने सरकते, हे आल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडले. घाई आणि आळस यांतून सुटण्याची वाट सापडली ती अशी.

आता आपल्याकडे येऊ. रघुनाथ माशेलकर १९४३ साली गोव्यातल्या माशेल गावी जन्मले, मुंबईत शिकले आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. तिथे त्यांनी व सहकाऱ्यांनी बहुवारिके विरघळतात कशी, याचा शोध घेतला. साखर बारीक केली की लवकर विरघळते, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण बहुवारिकाचा कण एका मर्यादेपलीकडे कितीही बारीक केला, तरी विरघळण्याचा वेळ घटत नाही, असे त्यांनी १९९४ साली दाखवले. कारण सोपे आहे. त्याचे रेणू म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या लांब साखळ्या. गुंता सुटायला त्याचा वेळ लागतोच. कणाच्या आकाराला तो जुमानत नाही.

औषधाचा रेणू मात्र लहान. तो गुंत्याच्या फटींतून निसटतो, आणि त्याची वाट निम्मी झाली तर वेळ चौथाईवर येतो. याची प्रचीती आमच्याच घरी आली. वडिलांना दिवसाला एकच सावकाश सुटणारी गोळी होती. गिळवेना, म्हणून आईने ती खलात कुटून मधातून दिली. माया खरी, पण दिवसभराचे औषध थोडक्या वेळात अंगात गेले आणि त्यांना घेरी आली. त्या कुटण्याने फिकपासूनचे सारे गणित खलातच मोडले होते.

तेव्हा गोळी कुटण्यापूर्वी किंवा मोडण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारा. सुताराचा रंधा चुकला तर दार पुन्हा बसवता येते; पोटात गेलेली गोळी परत घेता येत नाही.