फळा आणि पाटी : एका ओळीवर अडलेल्या मेल सर्व्हरची गोष्ट

२००३-०४ च्या सुमारास ज्यांनी लिनक्सवर मेल सर्व्हर उभा केला, त्यांच्यातल्या पुष्कळांना एक एरर मेसेज जवळजवळ पाठ झाला होता. क्यूमेल कंपाइल करायला घ्यायचं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत जायच्या. आता झालंच असं म्हणेपर्यंत लिंकर अडून बसायचा. त्याची तक्रार साधारण अशी असायची : 'एर्नो'ची लायब्ररीतली व्याख्या टीएलएस आहे, तुमच्या फाइलीतला उल्लेख टीएलएस नाही, दोन्ही जुळत नाहीत.

गंमत म्हणजे क्यूमेलच्या कोडमध्ये त्याआधीची पाच वर्षं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. १.०३ ही आवृत्ती जून १९९८ मध्ये आली आणि मूळ लेखकाने त्यानंतर नवी काढलीच नाही. कालपर्यंत चालणारा कोड, त्याला कोणी हात लावला नाही, आणि आज तो कंपाइल होत नाही. मग बिघडलं काय?

घरच्या मंडळींसाठी थोडं मागून सांगतो. जाणकारांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल :)

प्रोग्रामला काही कामं नेहमीच लागतात. फाइल उघडणं, वेळ विचारणं, नेटवर्कवर बोलणं वगैरे. ही कामं करणारा कोड लायब्ररीत असतो. जुनी पद्धत अशी की प्रत्येक प्रोग्राम लायब्ररीतला हवा तेवढा भाग स्वतःत ओतून घेई, म्हणजे वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची आपापली पाण्याची टाकी. शेअर्ड लायब्ररी म्हणजे चौकातला सगळ्यांचा मिळून एक आड. प्रोग्राममध्ये फक्त 'पाणी तिथून घ्यायचं' एवढी नोंद असते आणि तो चालू होताना जोडणी होते. ही कल्पना १९६० च्या दशकात मल्टिक्समध्ये होती. युनिक्सच्या जगात ती सनओएस ४.० बरोबर १९८८ मध्ये नीट रुजली. जागा वाचते, मेमरी वाचते, आणि आड एकदा उपसला की सगळ्यांना स्वच्छ पाणी मिळतं. पण आडाचं तोंड हलवलं तर सगळ्या वाड्याचे दोर अपुरे पडतात.

मेल सर्व्हर उभा करणाऱ्यांना याचे निरनिराळे नमुने भेटत. लायब्ररी मशीनवर असते पण लोडरला सापडत नाही, तेव्हा एलडीडीने कुठली फाइल हरवली ते बघायचं आणि एलडीकॉन्फिग चालवायचं. किंवा कंपाइल करताना बर्कली डीबीची एक आवृत्ती आणि चालवताना दुसरी. पोस्टफिक्स तर हे स्वतःच तपासतो आणि दोन्ही आकडे सांगून थांबतो. ही दुखणी मशीनवरची आणि तिथेच बरी होणारी. एर्नोचं दुखणं मात्र वेगळं होतं, कारण मशीनवर सगळं जागच्या जागी होतं. बदलला होता तो एक जुना समज.

एर्नो म्हणजे चौकातल्या भिंतीवरचा फळा समजा. कोणी ऑपरेटिंग सिस्टिमला काम सांगितलं आणि ते झालं नाही, तर का झालं नाही त्याचा क्रमांक या फळ्यावर लिहिला जातो. फाइल नाही, परवानगी नाही, जागा संपली, असं काहीबाही. प्रोग्रामने वर मान करून वाचायचं. फळा एकच, सगळ्यांना ठाऊक असलेला. त्यामुळे सीमध्ये लिहिणारे लोक सरळ 'एक्स्टर्न इंट एर्नो' अशी ओळ घालत. अर्थ इतकाच, की एर्नो नावाचा एक पूर्णांक बाहेर कुठेतरी आहे.

मग थ्रेड आले. एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालायला लागली. फळा एक आणि लिहिणारे दहा. एकाने लिहिलेलं वाचायच्या आत दुसऱ्याने पुसलेलं. उपाय उघड होता, प्रत्येकाला आपापली पाटी द्यायची. टीएलएस म्हणजे थ्रेड-लोकल स्टोरेज, ते हेच. ग्लिबसी २.३ ऑक्टोबर २००२ मध्ये आली आणि त्या सुमारास एर्नो फळ्यावरून पाटीवर गेला. मार्च २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ ने नवी थ्रेड व्यवस्था सर्वसामान्यांच्या मशीनवर आणली. जुनी लायब्ररीही शेजारी ठेवलेली होती. एलडी-अश्यूम-कर्नल नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की प्रोग्राम तिच्याकडे वळत. पण तो तात्पुरता आडोसा होता.

क्यूमेलच्या एरर-डॉट-एच या फाइलीत ती जुनी ओळ होती. प्रोग्राम भिंतीकडे बोट दाखवत होता आणि भिंतीवर फळा नव्हता.

चूक कोणाची? दोन्ही बाजूंकडे कागद आहेत. १९८९ चं सीचं स्टँडर्ड सांगतं की एर्नो हवा असेल तर एर्नो-डॉट-एच ही हेडर फाइल घ्या. तो खरोखरचा व्हेरिएबल असेल की मॅक्रो, हे त्याने मुद्दाम मोकळं सोडलं. उलट १९८८ च्या पॉझिक्समध्ये ती एक्स्टर्नची ओळच दिलेली होती. १९९५ मध्ये थ्रेडची पुरवणी आली तेव्हा पॉझिक्सनेही ते सोडलं. म्हणजे १९९८ मध्ये नियम क्यूमेलच्या बाजूने उरला नव्हता, पण रूढी होती. आणि रूढी चालते तोवर नियम कोण वाचतं?

मला यातली खरी विसंगती वेगळीच वाटते. क्यूमेलचे लेखक डॅन बर्नस्टाइन हे लायब्ररीवर विश्वास न ठेवणारे गृहस्थ. सेंडमेलच्या सुरक्षेच्या भोकांना कंटाळून त्यांनी १९९५ मध्ये क्यूमेल लिहायला घेतला. सीच्या लायब्ररीतली स्ट्रिंगची आणि इनपुट-आउटपुटची फंक्शन्स बाजूला सारून स्वतःची लिहिली. मार्च १९९७ मध्ये सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं. शेजाऱ्यांशी इतका कमी संबंध ठेवणारं बिऱ्हाड, आणि ते अडलं चौकातल्या फळ्यावर! पूर्ण स्वतंत्र असं कोणी राहू शकत नाही. कुठला तरी एक धागा सामाईक राहतोच.

दुरुस्ती एका ओळीची. एक्स्टर्नची ओळ काढून एर्नो-डॉट-एच घ्यायची, आणि एखाद-दोन फाइलींत तसंच. फाइल उघडायचीही गरज नाही. कॉन्फ-सीसीमध्ये जीसीसीपुढे 'हे हेडर आधी घे' असा पर्याय लिहिला की भागतं.

मग इतकी वर्षं हा तंटा का चालला? कारण लायसन्स. मूळ प्रत जशीच्या तशी वाटायला मुभा होती, पण बदललेली प्रत लेखकाच्या संमतीशिवाय वाटता येत नसे. त्यामुळे डेबियनसारख्यांना तयार पॅकेज देता येईना. ते सोर्स देत, कंपाइल ज्याचं त्याने करायचं. नेटक्यूमेल नावाने काही जाणत्यांनी मार्ग काढला. मूळ पुडकं तसंच ठेवायचं, पॅच वेगळा द्यायचा, आणि दोन्ही एकत्र करणारी स्क्रिप्ट सोबत. उत्तर सगळ्यांना ठाऊक, पण प्रत्येकाने ते आपल्या हाताने पुन्हा लिहायचं. तीच ओळ, तोच वैताग, जगभर.

लेखकाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. तपासून दिलेल्या प्रोग्राममध्ये दुसऱ्याने घातलेली चूक आपल्या नावावर नको, ही धास्ती मला समजते. क्यूमेल टिकला तो याच काटेकोरपणामुळे. पण प्रोग्राम एका जागी गोठवला तरी त्याच्याभोवतालचं जग थांबत नाही. लायब्ररी बदलते, कर्नल बदलतं, कंपायलर बदलतो. न बदलणारी वस्तू रोज थोडी थोडी चुकीची होत जाते, आणि त्याची किंमत लेखक मोजत नाही. रात्री अकरा वाजता ऑफिसात बसून मेल का येत नाही ते शोधणारा कोणी मोजतो.

नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी क्यूमेल सार्वजनिक मालकीचा केला. त्यानंतर बदललेली प्रत वाटायला कोणाची परवानगी लागेना. २०१९ पासून नॉटक्यूमेल नावाने काही मंडळी तो पुढे नेत आहेत.

या इतिहासाकडे बघताना मला वाटतं, कोड किती निर्दोष आहे यावर त्याचं आयुष्य ठरत नाही, निदान एकट्या त्यावर नाही. दुरुस्ती माहीत असलेल्या माणसाला ती पुढच्याच्या हातात ठेवता येते का, यावरही ते ठरतं. आपल्याकडची कितीतरी हस्तलिखितं नकला करणाऱ्यांमुळे आपल्यापर्यंत पोचली. त्यांनी चुका केल्याच, पण काही सुधारल्याही.

असो. तुमच्यापैकी कोणी त्या काळात ही ओळ बदलली असेल, तर कुठल्या मशीनवर ते जरूर सांगा.