कारखान्यातली शाळा

महाविद्यालयात असताना एका एकांकिकेचे नेपथ्य माझ्याकडे आले होते. वाड्याची भिंत, कोनाडा, झरोका, सारे मी कागदावर मापात काढले. सुतारमामांनी विचारले, "दादा, थेटराचं दार किती उंच आहे?" "जाईल हो," मी म्हणालो. १० फूट उंच, ८ फूट रुंद भिंत ७ फुटी दारातून कशी जाणार? ती मधोमध कापावी लागली. पडदा पडेपर्यंत ती फट प्रेक्षकांना दिसत होती.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. ही विद्या शाळेत मिळते की कामावर?

उत्तर शोधताना कोल्हापूर आठवते. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री घराण्यातल्या चुलतभावांनी कोणत्याही कलाशाळेत धडे घेतले नव्हते. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचे आडनावच 'पेंटर' झाले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल याच मुशीत घडले. तिथे अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्रही नव्हते. गुरूचा हात पाहायचा आणि आपला चालवायचा.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी 'प्रभात' काढली. १९३३ साली ती पुण्यात आली. 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्रपटातले देहू आपल्याला खरे वाटते, त्यामागे पडदे रंगवून तयार झालेली ही नजर होती.

पण या परंपरेला एक उणी बाजूही होती. ओळखीपाळखीशिवाय कारखान्यात शिरकाव कठीण. उस्तादाने हातचे राखून ठेवले, तर शिष्य तिथेच थांबे. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले आणि १९६० साली पुण्यात चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था. आता प्रवेश परीक्षा देऊन कुणाच्याही मुलामुलीला हे दार उघडले. संहिता वाचून जागा कशी कल्पावी, आराखडा आणि छोटी प्रतिकृती कशी करावी, कोणत्या काळातले घर कसे होते, हे रीतसर शिकवले जाऊ लागले. हा लाभ लहान नाही.

योगायोग असा, की पुण्याची ही संस्था 'प्रभात'च्याच आवारात भरते. जिथे फत्तेलालांनी देहू उभारले, तिथेच आज कलादिग्दर्शनाचे विद्यार्थी शिकतात. कारखाना गेला आणि त्याच जागी शाळा आली.

मला वाटते, उत्तर या जागेतच आहे. नेपथ्य शिकू पाहणाऱ्या मुलांना मी सांगतो, शाळेत जरूर जा. पण सुट्टीत एखाद्या सुतारमामांच्या हाताखाली खिळेही ठोका. आणि कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी टेप घेऊन थिएटरच्या दारापाशी जाऊन या.