‘स्टार वॉर्स’चा शेवट आणि उरलेली दृश्ये

२७ डिसेंबर २०१६ रोजी कॅरी फिशर यांचे निधन झाले. १९७७ पासून ‘स्टार वॉर्स’मधील राजकन्या लेया त्यांनीच साकारली होती. नवव्या, समारोपाच्या चित्रपटात लेयाला मोठे स्थान मिळणार होते.

दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी ही भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे सोपवली नाही. ‘द फोर्स अवेकन्स’ (२०१५) या चित्रपटात न वापरलेली फिशर यांची दृश्ये त्यांनी बाहेर काढली. त्यांतील संवाद कायम ठेवून भोवतीचे प्रसंग नव्याने लिहिले गेले.

डिसेंबर २०१९ मध्ये ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ प्रदर्शित झाला आणि ४२ वर्षांची ही गाथा संपली.

मोजके जुने कागद हाती असलेला इतिहासकारही असाच जुळवाजुळव करतो; मात्र मधले प्रसंग रचण्याची मुभा त्याला नसते.