खोडलेली मुद्रा

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा धाकटा बंधु सहकुटुंब नाशिकास आला. मुलांना पुस्तकांतला इतिहास एकदां प्रत्यक्ष दाखवावा असा भावजयीचा आग्रह. तेव्हां सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पांच माणसें मोटारीनें निघालों.

प्रथम पांडवलेणीं. पांडवांचा येथें कांहीं संबंध नाहीं. हीं बौद्ध भिक्षूंचीं लेणीं होत. दहाव्या लेण्यांत नहपान राजाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं त्यानें गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें ठेविले. मुद्दल परत न घेतां केवळ व्याज भोगावयाचें. धाकट्या पुतण्यानें तेथेंच बोटांवर हिशेब केला: वर्षाचें व्याज २४०, म्हणजे प्रत्येक भिक्षूस १२. लेखांतहि १२ च आहेत! देवळाच्या निधीची वही लिहितांना मला त्या श्रेणीचा हेवा वाटतो.

तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख. आपल्या पुत्रानें, गौतमीपुत्र सातकर्णीनें, क्षहरातांचें, म्हणजे नहपानाचें, कुळ निःशेष केलें असें ती माता अभिमानानें सांगते. थोरल्या पुतणीनें विचारलें, “काका, मग त्या जांवयाचा लेख कां नाहीं खोडला?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याच लेण्यांत खुद्द गौतमीपुत्राचें एक आज्ञापत्र आहे: उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनें शेत त्यानें या डोंगरावरील भिक्षूंस दिलें. शेत गेलें, अक्षरें राहिलीं. दान भिक्षूंस पोहोंचलें होतें, तें मोडण्यांत जेत्याचा लाभ नव्हता, असें मला वाटतें.

सिन्नरचें यादवकालीन गोंदेश्वर मंदिर व भोंवतालचीं चार लहान देवळें पाहून आम्ही जोगलटेंभीस वळलों. १९०६ सालीं येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. रेव्हरंड स्कॉट नांवाच्या एका मिशनऱ्यानें तीं तपासलीं. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपली मुद्रा पुन्हां ठोकलेली होती. कित्येकांवर तिच्याखालून जुना मुखवटा दिसतोच. लेखास हात न लावणाऱ्या राजानें नाणें मात्र सोडलें नाहीं, कारण तें रोज बाजारांत फिरून धनी कोण हें सांगतें.

गांवांत ती जागा दाखविणारा कोणी भेटला नाहीं. एका ओट्यावरील आजीबाई मात्र आम्हांस शोधतांना पाहून म्हणाल्या, “काय हरवलंय बाबा तुमचं?”