पेशीची भूक : कर्करोग आणि पोषणद्रव्ये

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात बीड, जालना, परभणीकडून रुग्ण येतात. त्यांच्यासोबतच्या माणसांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो: साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का? हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही. कर्करोगाच्या चयापचयाचा अभ्यास त्याच वाटेने सुरू झाला.

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग यांना दिसले की गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि ऑक्सिजन असूनही त्याचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. त्यातून एटीपीचे जेमतेम दोन रेणू हाती लागतात. पूर्ण ज्वलनात तीसच्या आसपास मिळाले असते. श्वसनच बिघडले असावे, असे वारबुर्ग यांनी मानले. पण बहुतेक गाठींत ते शाबूत असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नुसती ऊर्जा पुरत नाही, माल लागतो: पटलासाठी मेद, डीएनएसाठी शर्करा आणि नायट्रोजन. शर्करा ग्लुकोजमधून येते, नायट्रोजन बराचसा ग्लुटामाइनमधून. आणि साखर तोडली तरी यकृत स्नायूंच्या प्रथिनांतून ग्लुकोज घडवतेच. खंगतो तो रुग्ण. त्याचे जेवण तोडू नका, हे घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो धागा मुंबईचा. १९२८ साली ल्युसी विल्स तिथे आल्या, गिरणीत राबणाऱ्या गर्भवतींच्या रक्तक्षयाचे कारण शोधायला. स्वस्तातल्या यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, त्या बायकांचे रक्त भरून आले. १९३१ साली विल्स यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरला. डीएनएमधले थायमिन घडवायला लागणारा एक कार्बन हे जीवनसत्त्व पोहोचवते. रक्त घडवणाऱ्या पेशींना ते हवे, तसेच ल्युकेमियाच्या पेशींनाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या संयुगांनी मुलांचा ल्युकेमिया बळावताना बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी पाहिला आणि उलटी वाट धरली. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले या औषध कंपनीतल्या गटाने बनवलेले अमिनोप्टेरिन हे फॉलेटविरोधी औषध त्यांनी वापरले. १९४८च्या अहवालात १६ पैकी १० मुलांत तात्पुरती का होईना, सुधारणा नोंदली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वॉर्डात तुम्ही मेथोट्रेक्सेटचा डोस लिहाल, ते याच कुळातले. त्याच आजारात दिले जाणारे अ‍ॅस्पॅराजिनेज रक्तातले अ‍ॅस्पॅराजिन तोडते, कारण ल्युकेमियाच्या अनेक पेशींना ते स्वतः पुरेसे बनवता येत नाही. या पुस्तकाचे पहिले प्रकरण या दोन औषधांपासूनच सुरू केले आहे.